शर्वरी इथं राहत नाही

माझी बायको माझ्या घरी राहत नाही, अशी लेखी साक्ष मी स्वतः दिलेली आहे. साक्षीखाली माझी सही आहे, तारीख आहे, वेळ आहे (दुपारचे तीन वाजून दहा मिनिटं), आणि कोणाला शंका राहू नये म्हणून मोबाइल नंबरही आहे. साक्ष दिली तेव्हा बायको माझ्यापासून आठ पावलांवर, आतल्या खोलीत, मशीनवर बसून कोणाच्या तरी ब्लाउजला बाही जोडत होती.

हे कसं घडलं ते कळायला आधी माझा हुद्दा कळला पाहिजे. मी, प्रभाकर गिरडकर, नागपुरातल्या एका कॉलेजात हेडक्लार्क आहे. प्रवेशाची खिडकी अठ्ठावीस वर्षं माझ्या ताब्यात आहे. गुणपत्रिकेवर एक नाव आणि दाखल्यावर दुसरं, असा फॉर्म आला की मी लाल शाईनं ‘नावात तफावत’ असा शेरा मारतो आणि तो परत करतो. पोरं रडकुंडीला येतात, बाप हात जोडतात. कामठीचे एक विणकर एकदा मला म्हणाले होते, “साहेब, कागद दोन असतीन, पण पोरगी तं एकच आहे न! हे काय, समोर उभी आहे.” मी चष्म्यावरून त्या मुलीकडे पाहिलं आणि म्हणालो, “पोरगी फायलीत लावता येत नाही. वापस घेऊन जा.” हे वाक्य मी पुढं बरीच वर्षं चहाच्या वेळी लोकांना ऐकवत असे.

तर आम्ही घर घ्यायचं ठरवलं. म्हणजे बायकोनं ठरवलं. नंदनवन वस्तीत एका घराच्या मागच्या दोन खोल्यांत आम्ही बावीस वर्षं भाड्यानं राहत होतो. बायको घरीच ब्लाउज शिवते आणि आजूबाजूच्या दहा गल्ल्यांतल्या बाया तिच्याकडे येतात. पण तिच्या शिवायच्या खोलीला खिडकी नव्हती. भर दुपारीसुद्धा दिवा लावून शिवावं लागायचं. डोळ्यांच्या डॉक्टरांनी दोनदा चष्मा बदलून दिला आणि तिसऱ्यांदा चष्म्याऐवजी सांगितलं, “बाई, उजेडात बसा.” म्हणून घर.

दोन गल्ल्या सोडून बागडे गुरुजींचा दुसऱ्या मजल्यावरचा फ्लॅट विकायला निघाला होता. गुरुजी निवृत्त झालेले, मुलाकडे अमरावतीला कायमचे राहायला जाणार होते. त्यांच्या बायको आधीच तिकडे गेल्या होत्या. मी भिंतींवर टिचक्या मारल्या, नळ सोडून पाहिले, छताकडे बघून ‘हं’ म्हणालो (मला त्यातलं काही कळत नाही, पण घर बघताना पुरुषानं एवढं करायचं असतं). बायको सरळ समोरच्या खोलीतल्या खिडकीशी गेली, दोन्ही हात पसरून माप घेतलं आणि म्हणाली, “मशीन इथं.” तिच्यापुरता व्यवहार तिथंच पूर्ण झाला होता.

“कागदाचं मी पाहतो,” मी तिला घरी आल्यावर सांगितलं. “तू काळजी करू नको. आणि ऐक, घर आपण तुह्या नावानं घेऊ.”

तिनं मशीनवरून मान वर केली. “माह्या नावानं? काहून वो?”

“बाईच्या नावानं घेतलं तं मुद्रांक शुल्कात सूट भेटते.”

“अस्सं,” ती म्हणाली आणि मान पुन्हा खाली घातली. (यापेक्षा बरं काही कारण सांगता आलं असतं, हे मला फार उशिरा सुचलं.)

हेडाऊ नावाच्या वकीलबाई गाठल्या. तिशीच्या, चुणचुणीत. त्यांनी आम्हाला समोर बसवून लहान मुलांना सांगावं तसं सांगितलं, “काका, पयलंच घर आहे न? मग नीट ऐका. पयले मी मागच्या तीस वर्षांचे कागद काढून पाहीन. घर कोणाकडून कोणाकडे आलं, त्याच्यावर कोणाचं कर्ज आहे काय, कोणाचा दावा आहे काय. हा झाला सर्च रिपोर्ट. मग थोडे पैसे आगाऊ देऊन बयाणापत्र. म्हणजे गुरुजींनी दुसऱ्याले विकायचं नाही आणि तुमी ठरल्या तारखेच्या आत रजिस्ट्री करायची, नाही तं बयाणा गेला. मग बँकेचं कर्ज. आणि शेवटी रजिस्ट्री. ते होतपर्यंत घर तुमचं नाही, चाबी खिशात असली तरी.”

“मॅडम,” मी म्हणालो, “अठ्ठावीस वर्षं मी कागदातच आहे. बयाणापत्र मी स्वतः लिहितो. तुमी फक्त सर्च रिपोर्ट अन् रजिस्ट्रीचं पाहा.”

“तुमची मर्जी,” वकीलबाई म्हणाल्या. त्या वेळी त्यांच्या आवाजात काही होतं काय, हे मी अजून आठवून पाहतो.

सर्च रिपोर्ट आला. जमीन स्वच्छ, इमारत स्वच्छ, आणि बागडे गुरुजी तर धुतल्या तांदळासारखे! तांदळाचा विषय निघाला ते बरंच झालं, कारण सगळा घोळ तांदळातच आहे.

आमच्यात लग्नात नवरीचं नाव बदलतात. ताटात तांदूळ पसरायचे, नवऱ्यानं अंगठीनं त्यात नवं नाव लिहायचं, पेढे वाटायचे, झालं. माझ्या बायकोचं माहेर जवळच्या कुही गावचं आणि माहेरचं नाव बेबी. टोपणनाव नव्हे हो, शाळेच्या दाखल्यावरचं नाव. बेबी दौलत ठवकर. पाच भावंडांतली शेवटची. दवाखान्यातल्या नर्सबाईंनी चिठ्ठीवर ‘बेबी’ लिहून दिलं, आणि कागदावर आलं म्हणजे हेच नाव, असं समजून सासऱ्यांनी ते ठेवून दिलं. (कागदावर एवढी श्रद्धा असलेला माणूस मला सासरा म्हणून मिळाला, आणि मला त्याची किंमत नव्हती!) मी तेव्हा नुकताच नोकरीला लागलेलो. उद्या साहेबांना ‘ही माझी मिसेस, बेबी’ असं कसं सांगायचं? मला लाज वाटली. खरं कारण एवढंच आहे. त्या वर्षीच्या प्रवेश यादीत शर्वरी असं एक नाव होतं, ते मला भारदस्त वाटलं होतं (त्या नावाची मुलगी मी कधी पाहिली नाही, हे मी आजही शपथेवर सांगतो). तेच तांदळात लिहिलं. बेबीला कोणी काही विचारलं नाही. मीही नाही.

पुढं शिधापत्रिका, मतदार यादी, आधार कार्ड, जिथं जिथं माझा हात पोचला तिथं तिथं मी शर्वरी प्रभाकर गिरडकर करून घेतलं. पण पॅन कार्ड आणि बँकेचं पासबुक तिनं शिलाईच्या कामासाठी स्वतः जाऊन काढलं होतं, शाळेचा दाखला आणि लग्नाची पत्रिका दाखवून. त्यावर होतं बेबी प्रभाकर गिरडकर. घरात, गल्लीत, बाजारात सगळे तिला बेबीताईच म्हणत. मी ‘ऐकतं काय वं’ म्हणत असे. शर्वरी हे नाव कपाटातल्या प्लॅस्टिकच्या पिशवीत, आधार कार्डासोबत राहत होतं.

अठ्ठावीस वर्षं दुसऱ्यांच्या नावातली तफावत शोधणाऱ्या माणसाला घरातली कशी दिसली नाही? दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच. बयाणापत्र मी झोकात लिहिलं. नाव आधार कार्डावरून घेतलं, शर्वरी, आणि बँकेतला कर्जाचा अर्जही त्याच नावानं भरला. बयाण्याचा चेक बायकोनं दिला, तिच्या पासबुकातून, कारण “पयला चेक माहा” असं तिनं आधीच सांगून ठेवलं होतं. सही तिनं नेहमीची केली. मी वर नाव पाहिलं, खाली सही पाहिली नाही.

आता तो रविवार.

आमच्या खोल्यांत आमच्या आधी जो भाडेकरू होता त्यानं फ्रिज, स्कूटर आणि आणखी काय काय हप्त्यानं घेतलं होतं आणि मग तो नागपुरातून नाहीसा झाला होता. जामीनदार म्हणून त्यानं निरनिराळी नावं दिली होती आणि सगळ्यांचा पत्ता हाच लिहिला होता. त्यामुळे वसुलीवाले अधूनमधून येत आणि दर वेळी नवं नाव विचारत. मला इतकी सवय झाली होती की दारात कोणी कागद घेऊन दिसला की तो तोंड उघडायच्या आत मी ‘इथं राहत नाही’ म्हणून मोकळा व्हायचो. त्या रविवारी मी जेवून आडवा झालो होतो. दार वाजलं. अर्ध्या झोपेत उघडलं. समोर एक माणूस, हातात कागद.

“शर्वरी गिरडकर इथंच राहतात का, सर?”

“नाही राहत.”

“पण पत्ता तर हाच आहे. आणि आडनाव...” त्यानं दारावरच्या पाटीकडं पाहिलं.

“भाऊ, नागपुरात गिरडकर पायलीचे पन्नास आहेत! आणि हा पत्ता लोक बावीस वर्षांपासून कुठं कुठं देऊन राहिले, तुमाले काय सांगू. इथं आमी दोघंच राहतो. मी अन् माही बायको.”

“मिसेसचं नाव?”

“बेबी.”

(सत्तावीस वर्षांत परक्या माणसासमोर मी हे नाव पहिल्यांदा घेतलं. आणि मुहूर्त कोणता काढला पाहा!)

“ठीक आहे, सर. तेवढं इथं लिहून देता?”

कागद समोर आला की माझी झोप उडते. मी चष्मा लावला, त्याचं पेन बाजूला सारून स्वतःचं पेन काढलं आणि वळणदार अक्षरात लिहिलं, ‘सदर नावाची व्यक्ती या पत्त्यावर राहत नाही. तिच्याशी आमचा कोणताही संबंध नाही.’ दुसरं वाक्य त्यानं मागितलं नव्हतं. ते मी माझ्या पदरचं घातलं.

आतलं मशीन थांबलं. “कोण होतं वो?”

“वसुलीवाला. वाटेले लावला त्याले.”

“बरं केलं,” ती म्हणाली आणि मशीन पुन्हा सुरू झालं.

गुरुवारी कॉलेजात बँकेतून फोन आला. “सर, तुमच्या मिसेसच्या नावाचं कर्जाचं प्रकरण नामंजूर झालंय. पडताळणीत अर्जदार पत्त्यावर राहत नसल्याचं आढळलं.”

“कोण म्हणते?” मी खिडकीतून उठलोच. माझ्यासमोर प्रवेशाची रांग उभी होती. “कोण म्हणते राहत नाही म्हणून?”

“तिथल्या एका माणसानं लिहून दिलंय, सर. संबंध नाही, असंही लिहिलंय.”

“नाव सांगा त्याचं! आत्ता पाहतो मी त्याले!”

पलीकडे कागद चाळल्याचा आवाज आला. “प्रभाकर गिरडकर,” बँकवाले म्हणाले. आणि मग सावकाश, “सर, तुमचं नाव काय म्हणालात?”

त्या दिवशी मी एकही फॉर्म परत केला नाही.

वकीलबाईंकडे गेलो. त्यांनी सगळे कागद टेबलावर पत्त्यांसारखे मांडले आणि आधी पोट धरून हसल्या. मग चष्मा पुसला आणि गंभीर झाल्या. “काका, बयाणापत्र शर्वरीच्या नावानं. खाली सही बेबीची. चेक बेबीचा. म्हणजे बयाणा एका बाईनं दिला, घर दुसरीच बाई घेऊन राहिली, आणि तुमी लिहून दिलं का त्यातल्या एकीशी तुमचा संबंध नाही!”

बायको माझ्याशेजारी बसली होती. ती हसली नाही.

“हसण्यावारी नेऊ नका,” वकीलबाई म्हणाल्या. “बयाण्याले पाच आठवडे राहिले. गुरुजींकडे दुसरं गिऱ्हाईक येऊन गेलं, मले माहीत आहे. तारीख गेली तं बयाणा गेला आणि घरही गेलं. आता दोन रस्ते आहेत. सगळीकडे शर्वरी करा, नाही तं सगळीकडे बेबी. शर्वरी करायचं असन तं नाव बदलल्याचा काही पुरावा पाहिजे, आणि ह्या बाईले दोन्ही नावानं ओळखणारे दोन लोक पाहिजे.”

“पुरावा आहे न!” मी म्हणालो, आणि दुसऱ्या दिवशी लग्नाचा अल्बम बगलेत मारून हजर झालो. तांदळाच्या ताटाचा फोटो होता. त्यात अंगठीसकट माझा हात ठळक आला होता आणि हाताखाली संपूर्ण नाव झाकलं गेलं होतं. दिसत होता तो फक्त माझा चेहरा, फार समाधानी.

“बाकीचे तांदूळ?” वकीलबाईंनी थट्टेनं विचारलं.

“दुसऱ्या दिवशी माह्या मावशीनं त्याची खिचडी केली,” बायको शांतपणे म्हणाली. “पाहुणे होते न.”

पुरावा असा पचलेला. उरले साक्षीदार. संध्याकाळी मी समोरच्या चौधरीकाकूंकडे गेलो. त्या गेल्या पंधरा वर्षांच्या शेजारी, रोज आमच्याकडे उठबस.

“काकू, तुमी शर्वरीले ओळखता न?”

काकूंनी इकडे तिकडे पाहिलं, मला आत ओढलं आणि आवाज उतरवला. “कोण शर्वरी?” मग त्याहून हळू, “बेबीले माहीत आहे काय?”

“अवो काकू, तिले माहीत असणारच! ती...”

“बाप्पा रे बाप्पा!” काकू म्हणाल्या आणि त्यांनी माझं पुढचं काही ऐकलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळपासून बाया येऊ लागल्या. कोणी ब्लाउज सैल करून घ्यायला, कोणी घट्ट. प्रत्येक जणी जाताना बायकोच्या पाठीवरून हात फिरवून जाई आणि माझ्याकडे पाहून पदर सारखा करी. घरमालकांनी मला अंगणात गाठून सांगितलं, “गिरडकर, तुमचं वय पाहा.” भाजीवाल्यानं मला वांगी मोजून दिली पण बोलला नाही.

रात्रीच्या जेवणाआधी मी बायकोपुढं बसलो. “अवं, सगळ्या गल्लीले वाटून राहिलं का मी दुसरी ठेवली. सांग न त्याहीले, शर्वरी म्हणजे तूच आहे म्हणून.”

तिनं तोंडातली टाचणी काढून उशीला टोचली. “मी? मी कधी होती शर्वरी?”

“म्हणजे?”

“सत्तावीस वर्षं झाले. तुमी मले त्या नावानं एक डाव तरी आवाज देला काय?”

मी आठवलं. मग म्हटलं, आत्ता देऊन टाकू. तोंड उघडलं, ‘श’पर्यंत आलो आणि पुढचं निघेना. समोर बेबी बसली होती, चष्म्याच्या वरून बघत, मांडीवर कोणाचा तरी मोतिया रंगाचा ब्लाउज. त्या बाईला शर्वरी म्हणणं म्हणजे कोण्या दुसऱ्याच बाईला हाक मारणं. मला कानकोंडं झालं. मी लाजलो होतो तिच्या नावाला, आणि आता बसलो होतो स्वतःची लाज घेऊन.

वकीलबाईंकडे आम्ही पुन्हा गेलो, तेव्हा मी सरळ सांगितलं की साक्षीदार मिळत नाहीत. उलट एक-दोन लोक माझ्याविरुद्ध साक्ष द्यायला तयार आहेत.

वकीलबाईंनी मग खुर्ची वळवली आणि प्रथमच फक्त बायकोकडे पाहिलं. “काकू, तुमाले विचारते. घर कोणाच्या नावानं करायचं? कोणतंही करा, दगदग तेवढीच आहे.”

हा प्रश्न इतका सोपा होता, पण तो तिला आजवर कोणी विचारला नव्हता. बायको म्हणाली, “माहे बाबा वावरातून येतानी लांबूनच आवाज देत, बेबेऽऽ! म्हणजे पाणी भरून ठेव म्हणून. आता बाबा नाही. कुहीचं घर भावांनी वाटून घेतलं, त्यात मी काही मागितलं नाही. बाबानं देल्लेलं माह्यापाशी ते एक नावच आहे. बेबी करा.”

मला वाईट वाटलं. विनोदी माणसानं हे कबूल करू नये म्हणतात, पण वाटलं. मी खिशातून पेन काढलं आणि विचारलं, “कोणता फॉर्म?”

प्रथम गुरुजींकडे जाणं भाग होतं, बयाण्याची मुदत वाढवायला आणि नवं बयाणापत्र करायला. गुरुजी दारातच ताठ उभे. “गिरडकर, मी मास्तर माणूस. कागद शर्वरीच्या नावानं, चेक बेबीचा, आणि बँक म्हणते अशी बाईच नाही. मी घर कोणाले विकून राहिलो? दुसरं गिऱ्हाईक उद्या पैसे घेऊन यायला तयार आहे.”

मी बोलायला सुरुवात केली. प्रतिज्ञापत्र, राजपत्र, आधारची दुरुस्ती. बायको माझ्या खांद्यावरून आतल्या खिडकीकडे पाहत होती, निरोप घ्यायला आल्यासारखी. तेवढ्यात आतून गुरुजींच्या बायको पदराला हात पुसत आल्या. सामान बांधायला त्या अमरावतीहून आदल्याच दिवशी परतल्या होत्या.

“अवं, बेबीताई! तू इथं कशी?”

“घर पाहिलं होतं, काकू.”

“म्हणजे आमचं घर तू घेऊन राहिली?” गुरुजीणबाई नवऱ्याकडे वळल्या. “अन् मले फोनवर शर्वरी, शर्वरी काय सांगत होते? माह्या सुनेच्या लग्नाचे सगळे ब्लाउज हिनं शिवले. एक परत न्यावा लागला नाही! दुसऱ्या गिऱ्हाइकाले सांगा, विकलं म्हणून. दीड महिना थांबू. अमरावती कुठं पळून नाही राहिली.”

गुरुजी म्हणाले, “पण कायदेशीर...”

“साक्षीले मी येते,” त्या म्हणाल्या. “शर्वरीले मी ओळखत नाही, बेबीले ओळखते.”

पुढचा जवळजवळ दीड महिना मी रजा टाकून खिडक्यांपुढं उभा राहिलो. प्रतिज्ञापत्र झालं, राजपत्रात नाव छापून आलं. आधारच्या दुरुस्तीला गेलो तर खिडकीतल्या गृहस्थांनी फॉर्म पाहिला, माझ्याच वयाचे होते, आणि निळ्या शाईत काही तरी लिहून परत सरकवला. मी वाचलं. ‘नावात तफावत.’

“साहेब,” मी म्हणालो, “कागद दोन आहेत, पण बायको तर एकच आहे न! हे काय, समोर उभी आहे.”

त्यांनी चष्म्यावरून बेबीकडे पाहिलं. ते काय बोलणार हे मला शब्दन्‌शब्द पाठ होतं.

“बसा,” ते म्हणाले. “राजपत्राची प्रत वर लावा, खाली नाही. मग होते.”

बसा! अठ्ठावीस वर्षांत हा शब्द मला सुचला नव्हता. कामठीच्या त्या मुलीचं पुढं काय झालं, हे मला माहीत नाही. मी तिथं बाकावर बसून तिचं नाव आठवायचा प्रयत्न केला. आठवलं नाही, कारण मी तफावत पाहिली होती, नाव नाही.

रजिस्ट्रीचा दिवस उजाडला तेव्हा बयाण्याच्या वाढीव मुदतीचे चार दिवस शिल्लक होते. बँकेनं कर्ज दिलं (दुसऱ्या पडताळणीच्या वेळी बायकोनं मला आधीच भाजी आणायला पाठवून दिलं होतं). निबंधक कार्यालयात गर्दी, पंखा, आणि लोकांच्या मांडीवर फायली. बेबीच्या अंगठ्याचा ठसा यंत्रावर दोनदा उमटला नाही. सुईनं बोटं घासून गेलेली. तिसऱ्यांदा तिनं पदरानं अंगठा पुसला आणि दाबून धरला. उमटला.

“नाव सांगा,” अधिकारी म्हणाले.

“बेबी प्रभाकर गिरडकर,” ती म्हणाली, इतकी मोठ्यानं की मागच्या रांगेतले दोघं उठून उभे राहिले, आपलाच नंबर आला समजून.

मग साक्षीदार. एक गुरुजीणबाई, दुसरा मी. अधिकाऱ्यांनी मला विचारलं, “खरेदीदारांना आपण प्रत्यक्ष ओळखता?”

“हाव.”

“किती वर्षांपासून?”

“सत्तावीस,” मी म्हणालो.

शेजारून बेबीचा हळू आवाज आला, “दोन महिने म्हणा.”

मी सही केली. या वेळी खाली स्वतःच्या पदरचं वाक्य घातलं नाही.

आता आम्ही नव्या घरात राहतो. मशीन तिनं हातांनी मापलेल्या जागेवर बसलं, चार बोटंही इकडे तिकडे नाही. दिवसा दिवा लागत नाही. दारावरची पाटी तिनं स्वतः करून आणली: ‘बेबी प्र. गिरडकर. ब्लाउज शिवून मिळतील.’ त्यातला ‘प्र.’ म्हणजे मी. चौधरीकाकूंना सगळं समजावून सांगितलं, तरी त्या अधूनमधून बेबीला विचारतात, “ती शर्वरी पुन्हा आली नाही न?” आणि बेबी सांगते, “नाही, काकू. गेली ती.” माझी ती बँकेतली साक्षही आता खोटी उरली नाही. माझी बायको माझ्या घरी राहत नाही. मी तिच्या घरी राहतो.

मागच्या रविवारी मी जेवून आडवा झालो होतो. दार वाजलं. बेबी उठली. मी डोळे मिटूनच ऐकत होतो.

“मतदार यादीच्या कामासाठी आलोय, ताई. प्रभाकर गिरडकर इथंच राहतात का?”

मी एक डोळा उघडला. बेबी दारात उभी होती आणि चष्म्यावरून माझ्याकडे पाहत होती, डोक्यापासून पायापर्यंत, एखादा कागद तपासावा तशी. मग ती त्या माणसाकडे वळली आणि शांतपणे म्हणाली,

“सही कुठं करू?”

मी लुंगी सावरत दाराकडे धावलो. “राहतो, भाऊ, राहतो! लिहून घ्या! बेबीच्या घरी राहतो!”